हिरव्या मोटारीचा मांडव

कळव्याच्या खाडीकाठच्या गावांत लग्न ठरलं की पहिलं बोलावणं सगुणाबाईला जाई. भटजी येत ते अक्षतांच्या वेळेला. त्याआधीचं आणि त्यानंतरचं सगळं लग्न मात्र तिच्या गळ्यातून निघे. ती धवलारीण होती. मांडवाची पहिली मेढ रोवताना तिचा धवला, हळद दळताना तिचा धवला, आणि नवरी उंबरा ओलांडून निघाली की अंगणभर माणसं उभी असूनही ऐकू यायचा तो तिचाच आवाज. धवला म्हणजे लग्नाचं गाणं खरं, पण आगरी घरांत त्याला गाण्यापेक्षा जास्त वजन होतं. जे सगुणाबाईच्या तोंडून गेलं ते पक्कं झालं, अशी लोकांची समजूत होती. ही समजूतच पुढे तिच्या अंगाशी आली.

दिसायला ती काही भारदस्त नव्हती. बुटकी, काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तरुणपणी मिठागरात डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहून मान ताठ झालेली, ती तशीच राहिली. आवाजही गोड नव्हता. ओलं मीठ फावड्याने ओढताना येतो तसा, थोडा खरखरीत, पण लांब पोचणारा. लग्नघरातल्या गलबल्यातून तो सरळ वर येई आणि गलबला आपोआप खाली बसे.

तिचा नवरा नाथा, तोही मिठागरातलाच. लढाईच्या काळात कल्याणला लष्कराची छावणी पडली तेव्हा तो तिथे हमालीला गेला आणि लॉरी चालवायला शिकून परत आला. देश स्वतंत्र झाला तसा कोलशेतकडच्या एका बंगल्यातला गोरा साहेब बाडबिस्तरा आवरून विलायतेला निघाला. नाथा त्याच्याकडे अधूनमधून मोटार चालवायला जात असे. जाताना साहेबाने आपली जुनी हिरवी मोटार जवळजवळ फुकटच त्याच्या हवाली केली. बोटीवर चढवण्याच्या लायकीची ती उरली नव्हती, हे नाथा स्वतःच हसून सांगे. पण ज्या दिवशी ती खाडीचा दगडी पूल ओलांडून कळव्यात शिरली, त्या दिवशी माणसं फावडी टाकून रस्त्यावर आली होती.

ती लग्नाची मोटार होईल असं तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं. नवरी बैलगाडीतून जाई, सासर खाडीपलीकडे असेल तर होडीतून. पण आवडाबाईच्या थोरलीच्या लग्नात ऐन वेळी बैल लंगडायला लागला. आवडाबाई म्हणजे सगुणाबाईच्या आळीतलीच, चार मुलींची आई, तोंडाने फटकळ. तिने भर मांडवात बैलवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि मग नाथाकडे वळून हुकूम सोडला, की घरात मोटार ठेवून तोंड काय बघतोस. नाथाने मोटार आणली. नवरीला मागे बसवलं, पाठराखीण म्हणून शेजारी सगुणाबाई बसली. पोर रडून रडून बेजार झाली होती. तिला गप्प करायला काहीतरी म्हणावं म्हणून सगुणाबाईने तिथल्या तिथे दोन ओळी जुळवल्या:

हिरव्या रथाला नाथा सारथी गो,
या रथान बसल जी नवरी,
रडत माघारी येवाची नाय गो.

तेवढ्यात मोटारीने गचका दिला आणि पोरीचं रडणं थांबलं. धवल्याने थांबलं की गचक्याने, देव जाणे. पण अंगणातल्या बायांनी ओळी ऐकल्या होत्या, रडणं थांबलेलं पाहिलं होतं. पुढे ही थोरली सासरी भांडून दोनदा माहेरी आली. दोन्ही वेळा तिचा नवरा आपल्या पायांनी न्यायला आला. हा मोटारीचाच गुण, असं आवडाबाईने विहिरीवर, बाजारात, देवळाच्या पायरीवर सांगितलं. झालं. पुढच्या लग्नसराईत प्रत्येक घराला हिरवी मोटार हवी झाली. मोटार त्या दिवशी मोकळी नसेल तर लोक तिथी बदलून घेऊ लागले. आणि प्रत्येक नवरी निघताना सगुणाबाईला त्या ओळी गाव्याच लागत. आता त्या तिच्या राहिल्या नव्हत्या. ती विसरली तर मांडवातल्या पोरीच सुरू करत.

सगुणाबाईने आपल्याकडून आणखी एक गोष्ट केली. मिठागरातल्या माणसांच्या घरी नव्या वस्तूत आधी मीठ जातं. नवा पाळणा असो, नवी होडी असो, भाताची कणगी असो, चिमूटभर मीठ फडक्यात बांधून तळाशी ठेवायचं म्हणजे दृष्ट लागत नाही. तसं ती प्रत्येक नवरीच्या नावाने मिठाची एक पुरचुंडी मोटारीच्या मागच्या आसनाखाली सरकवी. एकीचं मीठ काढून दुसरीचं ठेवायचं तिच्या मनाला पटत नसे. ज्या पोरीचं मीठ, ते तिच्यासाठी तिथेच राहू दे.

दहा-एक वर्षं अशी गेली.

मग एका माघात ते झालं. वरात ठाण्याला चालली होती. पूल ओलांडून उताराला लागल्यावर नाथाने ब्रेक दाबला आणि मोटार थांबली नाही. समोर रस्ताभर माणसं, बैलगाड्या. नाथाने चाक एका बाजूला पिळलं आणि मोटार मिठाच्या वखारीबाहेरच्या ढिगात नेऊन घातली. ढीग ढासळला, टपावर, काचेवर, उघड्या खिडकीतून आत, सगळीकडे मीठ. नवरीच्या शालूत मीठ, मुंडावळ्यांत मीठ. कुणाला खरचटलंही नाही. वरातीतली माणसं आधी धावली आणि मग पोट धरून हसायला लागली. नवरीला मिठाचं न्हाण झालं, आता हिच्यावर कुणाची दृष्ट चालते, असं म्हणून ती गोष्ट गावोगाव गेली आणि मोटारीची पत आणखीच वाढली.

हसणाऱ्यांत सगुणाबाई नव्हती. तिने नाथाचे हात पाहिले होते. मोटार थांबून कितीतरी वेळ झाला तरी त्याने चाक सोडलं नव्हतं. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, की ब्रेक जरा ढिला झालाय. तिने हूं केलं. पुढे त्याबद्दल दोघांत शब्द निघाला नाही.

तेव्हापासून वरातीत बसली की ती एका हाताने नवरीचा हात धरी आणि दुसऱ्या हाताने दाराची कडी. तोंडाने धवला चालू असे. ही मोटार आता पुरे करा, हे तिच्या ओठांवर येई आणि तिथेच थिजे. नाथा रोज सकाळी ती मोटार पुसायचा, मडगार्डावरची धूळ धोतराच्या सोग्याने टिपायचा. बोलायचा कमी, पण मोटारीपाशी उभा राहिला की जरा ताठ उभा राहायचा. मिठागरात वाकून वाकून ज्याचा जन्म गेला त्याला या एका वस्तूने लोकांत सारथी केलं होतं. ते आपण कसं काढून घ्यावं? आणि काढून घ्यायचं म्हटलं तरी त्या ओळी कुणी गायल्या होत्या?

वैशाखात आवडाबाईच्या धाकटीचं, लक्ष्मीचं, लग्न ठरलं. सासर कोपरला. म्हणजे मोटार मुंब्र्याच्या वळणांवरून जाणार. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली खाडी. भाकऱ्या थापता थापता सगुणाबाईच्या डोळ्यांपुढे ती वळणं येत आणि तव्यावरची भाकरी करपे.

लग्नाआधी मोटार एकदा दाखवून घ्यावी म्हणून नाथाने ठाण्याहून दौलत मिस्त्रीला आणलं. दौलत उंच, हडकुळा, कानावर विडी खोचलेली. त्याने बॉनेट उघडलं, इंजिन चालू करून कान लावला आणि खूश झाला. इंजिन घोड्यासारखं आहे म्हणाला. गिअर, पुढचे दिवे, चाकं, सगळं वाखाणलं. मग तो मोटारीखाली शिरला. बाहेर येऊन त्याने मागचं आसन उचललं.

खाली पुरचुंड्याच पुरचुंड्या होत्या. लाल, पिवळ्या, विटलेल्या, पावसाळ्यात पाझरून एकमेकींना चिकटलेल्या.

"नाथाभाऊ," दौलत म्हणाला, "हे काय किराणा मालाचं दुकान काढलंय काय?"

त्याने पुरचुंड्या बाजूला सारल्या आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक खालच्या पत्र्यावर टेकवलं. जोर लावायची गरजच पडली नाही. पापडात जावं तसं ते आरपार गेलं. मग त्याने खालची लोखंडी पट्टी दाखवली. तिचे पापुद्रे सुटले होते. वर रंग आहे म्हणून मोटार दिसते आहे, असं तो म्हणाला. मिठाने आतून खाल्ली. ब्रेक नवीन घालीन, पण ब्रेक लागल्यावर मोटार धरायला खाली लोखंड नको का?

सगुणाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने तो तसाच ओट्यावर ठेवला. नाथाने पुरचुंड्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि एकाएकी त्याला हसू फुटलं.

"जल्मभर आपुन मीठ ओढलाव," तो म्हणाला, "आन मिठान आपली मोटार ओढली गो."

ती हसली नाही. आपण राखायला ठेवलेलं मीठच खात बसलं होतं, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. खालच्या त्या भोकातून अंगणातली माती दिसत होती. तिथेच नवरीचे पाय असायचे, तिचे स्वतःचे असायचे.

दौलतने विडी पेटवली आणि सरळ सांगितलं. थातुरमातुर ठिगळ मारून देतो, एखादा पावसाळा निघेल, नाहीही निघणार. नाहीतर सगळी उघडायची. डोंबिवलीला आठल्ये डॉक्टर आहेत, त्यांची अगदी याच बनावटीची गाडी गिअर बसल्यामुळे दारात उभी आहे. विलायतेहून सुटे भाग येणं बंद झालंय. डॉक्टर सायकलवरून रोगी बघत हिंडतात. हिचा गिअर आणि चाकांचं सामान मिळालं तर ती उद्या उभी राहील. "एक मोडाल तर एक चालेल," तो म्हणाला. "दोन्ही ठेवाल तर एकही नाही."

नाथाने विचार करून सांगतो म्हटलं.

दिवेलागणीच्या आत बातमी आळीभर झाली आणि बाया अंगणात जमल्या. सगळ्यांच्या पुढे आवडाबाई.

"लग्नाची मोटार कोन मोडतं का गो?" ती म्हणाली. "माज्या तिघी तिच्यान गेल्या. आख्ख्या खाडीच्या पोरी गेल्या. ती मोडल्यावर त्यांच्या संसाराला काय झालं तं?"

कुणी म्हणाली माझ्या मुलीला सातवा लागलाय, आत्ताच कशाला. कुणी म्हणाली, मोटार आहे तशी दारात उभी राहू दे, पण हातोडा लावू नका. नाथाने सांगून पाहिलं की तळ गेलाय, भोक दाखवलं. बायांनी वाकून भोक पाहिलं, चुकचुकल्या, पण मत काही बदललं नाही.

मग आवडाबाई सगुणाबाईकडे वळली. "तूच गायलीस ना? माघारी येवाची नाय म्हून? मंग आता तुजाच सबूद खोटा करतेस काय?"

नाथाने सगुणाबाईकडे पाहिलं आणि तोच मधे पडला. लक्ष्मीचं लग्न होऊन जाऊ दे, मग बघू, असं म्हणाला. बाया समाधानाने गेल्या. सगुणाबाईला मात्र मुंब्र्याचं पहिलं वळण पुन्हा समोर दिसलं.

रविवारी आठल्ये डॉक्टर स्वतः आले. ठाण्याला आगगाडीतून उतरून पूल चालत ओलांडून आले होते. चाळिशी ओलांडलेले, जाड भिंगांचा चष्मा, काखेत छत्री. त्यांनी मोटारीभोवती एक फेरी मारली, हिरव्या दारावर हळूच बोटं टेकवली आणि ओट्यावर बसून चहा घेतला. बाया परत जमल्या होत्याच. त्यांचं म्हणणं डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. अडाणीपणा म्हणून हसले नाहीत की उपदेशाला बसले नाहीत. बायांना हे अनपेक्षित होतं.

"माझी गाडी वर्षभर उभी आहे, आणखी उभी राहील," ते म्हणाले. "सायकल आहे माझ्याकडे. फक्त खाडीकडच्या गावांत गेलं की चिखलात ती मला नेत नाही, मी तिला नेतो. एवढंच."

आवडाबाईला राहवलं नाही. दारात मोटार उभी, तर तुमच्या बाई काय बोलतात, असं तिने विचारलं.

"ती म्हणते, त्यापेक्षा म्हैस उभी केली असती तर घरात दूध तरी आलं असतं."

बाया हसल्या. आवडाबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. पण हो कुणी म्हणालं नाही आणि डॉक्टरांनी पुन्हा विषय काढला नाही. निघताना ते सगुणाबाईपाशी थांबले. "बाई, तुमच्या मनाविरुद्ध काही करू नका," एवढं म्हणाले आणि छत्री उघडून उन्हातून निघून गेले. आपल्या मनात काय आहे ते या परक्या माणसाला कळलं की काय, या विचाराने ती किती तरी वेळ ओट्याच्या कडेला बसून राहिली.

दोन-चार दिवसांनी खारेगावला एका घरी मांडव परतायचा होता. लग्न होऊन गेलं की चांगला दिवस बघून मांडव उतरवायचा आणि ज्याचं सामान त्याच्या घरी परत करायचं, यालाही धवलारीण लागते. जमा होताना जसं गायचं तसं परत जाताना गायचं. सगुणाबाईने आजवर इतके मांडव परतवले होते की ते गाणं तिच्या तोंडी झोपेतही आलं असतं. ती दाराशी बसली आणि गाऊ लागली.

माणसांनी वरचं शीड सोडवलं, घडी घातली. ते होडीवाल्याचं, होडीकडे गेलं. झावळ्या गुरांच्या गोठ्यावर गेल्या. फळ्या दोन घरं सोडून एका म्हाताऱ्याच्या, त्या त्याच्या ओट्यावर गेल्या. एकेक वासा मोकळा होत होता आणि अंगणात इतके दिवस अडलेलं ऊन हळूहळू खाली उतरत होतं. शेवटी मुहूर्ताची मेढ निघाली. नवरीच्या आईने तिला हळदकुंकू लावलं, वर तांदूळ टाकले आणि ती पलीकडच्या आळीतल्या माणसाच्या खांद्यावर दिली. त्याच्या घरी पुढच्या आठवड्यात लग्न होतं. मेढ थेट त्या मांडवात जाणार होती. नवरीची आई रिकाम्या अंगणाकडे बघत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं. पाठ सैल सोडून उभी होती, एक काम नीट पार पडल्यासारखी.

सगुणाबाईचा आवाज मधेच थांबला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. तिला ठसका लागला असेल म्हणून कुणी पाणी आणलं. पाणी पिऊन तिने राहिलेलं गाणं पुरं केलं. ते इतक्या मोकळ्या गळ्याने, की खारेगावच्या बाया नंतर म्हणाल्या, मांडव परतताना इतकं छान कुणी गात नाही.

घरी आली तेव्हा नाथा मोटार पुसत होता. ती त्याच्या शेजारी उभी राहिली. दार, काच, मडगार्ड, जिथे त्याचा हात जाई तिथे तिची नजर जात होती.

"अवं," ती म्हणाली, "मना या मोटारीन बसाला भ्या वाटतं."

नाथाचा हात थांबला.

"माघापासून वाटतं. तुमचा जीव हाय तिच्यान, म्हून बोलली नाय."

त्याने फडकं पिळलं, झटकलं, दारावर वाळत टाकलं. मग मोटारीच्या पायरीवर बसला.

"मना बी वाटतं," तो म्हणाला. "लय. वरातीच्या आदल्या दिशी जेवन जात नाय मना. पन तू गायलीस. मी मोटार थांबवली तं लोकं बोलतील, धवलारनीचा सबूद खाली पडला. मंग चालवत ऱ्हायलू."

ती त्याच्याकडे बघत राहिली. माघापासून हा माणूस तिच्या शब्दासाठी चाक धरून बसला होता आणि ती त्याच्या चाकासाठी तोंड धरून. दोघांनी एकमेकांना सांभाळता सांभाळता किती पोरींना त्या भोकावर बसवलं होतं. तिच्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी हसूही आलं. ती त्याच्या शेजारी पायरीवर टेकली. पायरी कुरकुरली तशी दोघंही दचकून उठली, आणि मग मात्र हसू आवरेना. इतक्या महिन्यांचं हसू साठलं होतं. समोरच्या घरातून कुणीतरी डोकावून पाहिलं, या वयात यांना काय झालं म्हणून.

सगुणाबाईने दुसऱ्या दिवशी आळीत घरोघर जाऊन बोलावणं केलं. मांडव परतायचाय, शुक्रवारी सकाळी या, एवढंच सांगितलं. कुणाचा मांडव, असं बाया विचारत. माझा, ती म्हणे.

शुक्रवारी अंगण भरलं. मोटार मधोमध होती. सगुणाबाईने तिच्या पुढ्यात पाणी शिंपडलं, दोन्ही दिव्यांना हळदकुंकू लावलं. दौलत हत्यारं पसरून बसला होता आणि काय चाललंय ते न कळून विडी चघळत होता. आवडाबाई आली होती, पण कुंपणापाशी, हाताची घडी घालून.

सगुणाबाई तिच्यापाशी गेली. "तुज्या थोरलीच्या लग्नाचा मांडव कठं हाय आता?" तिने विचारलं.

"कठं म्हंजे? परतला. तूच परतवलास."

"कोनाचा वासा कठं गेला?"

"मना काय ठावं? ज्याचा त्याच्या घरी. एक तं माज्याच मधलीच्या मांडवाला लागला."

"मांडव उतरवला म्हून थोरलीचा संसार उतरला काय?"

अंगणात जमलेल्या प्रत्येकीच्या दारचा मांडव कधी ना कधी उतरला होता आणि त्या दिवशी त्यांनीच सुस्कारा टाकून अंगण झाडलं होतं. सारखा उभा राहिलेला मांडव कुणी पाहिला होता? तो कुजून डोक्यावर पडला असता.

"रथ नाय गो ही," सगुणाबाई म्हणाली. "मांडवच. चालता मांडव. पोरी गेल्या, नांदल्या. आता सामान पुढच्या घरी देवाचा."

आवडाबाईने हातांची घडी सोडली. ती मोटारीभोवती फिरली, वाकून ते भोक पुन्हा एकदा पाहिलं. मग दौलतकडे वळून दरडावून म्हणाली, "सगला त्या डाक्टरच्याच गाडीला लागल ना? का बाजारान इकशील?"

दौलतने विडी खाली ठेवली. डॉक्टरच्याच, असं त्याने गळ्याला चिमटी लावून शपथेवर सांगितलं. मग तिने ओच्यातले तांदूळ मोटारीवर टाकले. नुसती आली नव्हती, तांदूळ घेऊनच आली होती, हे बाकीच्यांच्या लक्षात आलं, पण बोलून दाखवायची कुणाची छाती झाली नाही.

सगुणाबाईने मांडव परतायचं गाणं धरलं. दौलतने पहिला नट फिरवला. दिवे निघाले, दारं निघाली, चाकं निघाली. एकेक वस्तू निघाली की कुणीतरी तिला हळदीचं बोट लावी. दौलतने आधी नाही नाही म्हणून पाहिलं, मग त्यानेच गिअरची पेटी पुढे धरली, हिला पण लावा म्हणून. नाथा वस्तू उचलून दौलतने आणलेल्या लॉरीवर चढवत होता. सगुणाबाईची नजर त्याच्यावर होती. त्याला गलबलून येईल अशी तिला धास्ती होती. पण जसजशी मोटार कमी होत गेली तसतसे त्याचे खांदे वर येत गेले. खालचा गंजका सांगाडा तेवढा उरला, तो भंगारवाल्यासाठी बाजूला ओढून ठेवला.

मिठाच्या पुरचुंड्या तिने टोपलीत भरल्या आणि ओहोटी लागायच्या आत खाडीत सोडल्या. मीठ खाडीचंच होतं. गाठी सुटत गेल्या आणि रंगीत फडकी पाण्यावर पसरून मुंब्र्याच्या बाजूला वाहत गेली.

महिनाभरात दौलत सांगत आला की डॉक्टरांची गाडी चालायला लागली. त्यांच्या बाईंनी तिला पहिल्या दिवशी म्हशीसारखी वैरण दाखवली म्हणे. आळीतल्या बाया ही गोष्ट पुढे बरेच दिवस एकमेकींना सांगत होत्या.

लक्ष्मी कोपरला होडीतून गेली. आवडाबाईनेच तसं ठरवलं. भरतीच्या पाण्याबरोबर सकाळी होड्या सुटल्या, दोन होड्या माणसांच्या, एक वाजंत्र्यांची. नवरीच्या एका बाजूला सगुणाबाई होती आणि दुसऱ्या बाजूला, लग्नात पहिल्यांदाच, नाथा. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, आणि मांडीवर दोन्ही हात रिकामे. इतकी वर्षं त्याने प्रत्येक वरातीत तिचा धवला पाठीमागून ऐकला होता, तोही अर्धवट, इंजिनाच्या आवाजातून. आज तो समोर बसून ऐकत होता. पारसिकचा डोंगर हळूहळू मागे सरकला. वर रस्त्याची ती वळणं उन्हात दिसत होती. सगुणाबाईने एकदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि गाणं पुढे चालू ठेवलं.

मोटारीच्या ओळींपाशी आल्यावर पोरी थबकल्या. आता काय गायचं? सगुणाबाईने क्षणभरच श्वास घेतला आणि रथाच्या जागी होडी घातली. बाकी सगळं तेच ठेवलं. पोरींनी ते लगेच उचललं.

मग आवडाबाईने तिला कोपराने ढोसलं. "सारथी बघ तुजा," ती म्हणाली.

नाथाची मान छातीवर टेकली होती. टोपी नाकावर आली होती आणि होडीच्या हेलकाव्याबरोबर तो शांत, खोल झोपला होता. लक्ष्मी रडता रडता खुदकन हसली. त्याला उठवायला एका पोरीने हात पुढे केला, तो सगुणाबाईने धरला. नवरी सासरी पोचेपर्यंत धवला थांबवायचा नसतो. म्हणून तिने तो थांबवला नाही, आवाज मात्र खाली आणला.